जनावर आड आलं नव्हतं

तुमच्या ताब्यातली गाडी तुम्हाला न विचारता थांबली आणि मागून येणारं माणूस तिच्यावर आदळून पडलं, तर चूक कुणाची म्हणून लिहाल?

घाई करू नका. मी घाई केली. कसाल-मालवण रस्त्याच्या कडेला, सकाळी नऊच्या सुमारास, एका हवालदाराच्या कागदावर मी उत्तर दिलं आणि खाली सही ठोकली. ते उत्तर खोटं होतं. खोटं सांगायचं ठरवून सांगितलं नव्हतं. काय झालं तेच मला कळलं नव्हतं, आणि आजही पुरतं कळलेलं नाही.

गाडी माझ्या भावाची. तो जहाजावर नोकरीला असतो. सुट्टीत घरी आला, नवी गाडी घेतली, तीन आठवडे हौसेने फिरवली आणि पुन्हा समुद्रावर निघून गेला. जाताना चावी माझ्या हातात ठेवून म्हणाला, ही गाडी हुशार आहे, समोर काही आलं आणि तुझं लक्ष नसलं तर स्वतः ब्रेक मारते. पुढच्या काचेवर, आरशाच्या मागे एक कॅमेरा होता. तो त्याने मला असा दाखवला, जणू घरात नवीन माणूस राहायला आलंय आणि त्याची ओळख करून देतोय.

माझे बाबा निवृत्त एसटी ड्रायव्हर. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. ड्युटीवरून आले की बाबा युनियनची पत्रकं लिहायला बसत. 'कामगार बंधूंनो'मधला 'क' हा मी ओळखलेला पहिला 'क'. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. शिरोड्याच्या किनाऱ्यावर, मालवणच्या मासळी बाजारात उभी राहून ती वाटली. एकात लिहिलं होतं, वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. दुसरं बायकांसाठी होतं: तुमच्या वाहनाची चावी तुमच्याकडेच ठेवा. दोन्ही मला तोंडपाठ होती. याचा पुढे काही उपयोग झाला नाही.

गाडी चालवायला बाबांनीच शिकवलं. त्यांचा नियम एकच, आणि तो ते दर वळणाला सांगत. "ब्रेकाच्या आधी आरसो बघ. पाठसून येता तो पण तुझोच पॅसेंजर." त्यामुळे भावाने हुशार गाडीचं कौतुक केलं तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, की ब्रेक मारायच्या आधी ती मागे बघते काय? भावाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मी त्या यंत्राची ऋणी झाले. मालवणच्या बाजारात एक पर्यटक समुद्राचा फोटो काढत उलटा चालत रस्त्यावर आला. मी त्याच वेळी दुसऱ्या बाजूने येणाऱ्या रिक्षाकडे बघत होते. गाडी ओरडली, पट्टा छातीशी आवळला आणि ती जागच्या जागी थांबली. त्या माणसाच्या पाठीत आणि आमच्या बंपरमध्ये हातभर अंतर होतं. माझा पाय तेव्हा ब्रेकवर पोचलाही नव्हता. त्या माणसाने मागे वळून मला 'सॉरी' म्हटलं, आणि मी, जिने काहीच केलं नव्हतं, मान हलवून त्याला माफ केलं. घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बरां झाला. बाबांकडून एवढं म्हणजे मोठं प्रमाणपत्र.

म्हणून त्या सकाळी माझा गाडीवर विश्वास होता.

कसालला छापून ठेवलेली पत्रकं आणायला मी आणि बाबा निघालो होतो. रस्ता मोकळा होता. मालवण सोडल्यानंतर थोड्या वेळाने एक स्कूटर आमच्या मागे लागली. चालवणारी बाई, मागे मासळीचा बर्फाचा खोका बांधलेला. मालवणातून ताजी मासळी घेऊन आतल्या गावांत फिरणाऱ्या बायका आता स्कूटरवरून जातात. पूर्वी त्या एसटीतून जायच्या, आणि वासावरून रोज कुणी ना कुणी त्यांना टोचून बोलायचं. आरशात तिला बघून मला बरं वाटलं होतं. असं मला आठवतं तरी.

एका ठिकाणी रस्ता डावीकडे वळतो आणि समोर जांभ्या दगडांचा गडगा येतो, शेताच्या हद्दीचा, कंबरेएवढा. त्या वळणावरून मी शेकडो वेळा गेले आहे. त्या दिवशी स्टिअरिंग वळवायला सुरुवात केली आणि गाडी ओरडली. समोर लाल अक्षरं उमटली, पट्टा आवळला, नाक खाली गेलं आणि आम्ही थांबलो. लगेच मागून धडक बसली.

रस्त्यावर काही नव्हतं. ना माणूस, ना कुत्रं, ना साधी नारळाची झावळी.

मागे बांगडे पसरले होते. बर्फाचे तुकडे डांबरावर चकाकत होते, आणि त्यांच्यात ती बाई डावा हात मांडीवर घेऊन बसली होती. मनगट वाकडं दिसत होतं. तिने वर बघून आधी बाबांना ओळखलं. त्यांच्या एसटीने ती अनेक वर्षं गेली होती. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कित्या थांबलंस गो? फुडे तर काय नाय."

रागाने नव्हतं विचारलं. मी का थांबले, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.  बाबा माझ्या बाजूला उभे राहून स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होते. शेजारच्या सीटवर बसले तरी ते सवयीने जमिनीवर ब्रेक दाबतात, तसा त्यांनी तेव्हाही दाबला होता. नंतर ते मला म्हणाले, "माका वाटला ब्रेक मीच मारलंय."

माणसं जमली. कुणी बांगडे गोळा करायला लागलं, कुणी त्यातल्या त्यात ताजे आहेत म्हणालं. मोटारसायकलवरून जाणारा एक हवालदार थांबला. तो घाटावरचा, इकडे बदली होऊन आलेला. त्याने वही काढून विचारलं, गाडी एकदम का थांबली? मी वळून पुन्हा रिकाम्या वळणाकडे बघितलं. तेव्हा बाबांनी, तीस वर्षं गाडी चालवून कुठलीही गाडी विनाकारण थांबत नाही हे पक्कं माहीत असलेल्या माणसाने, माझ्यासाठी एक कारण शोधलं.

"जनावर आड इला असतला," ते म्हणाले.

आमच्याकडे जनावर म्हणजे साप. त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून जनावर म्हणायचं. वळणावर गवत होतं, साप सरकला असेल, असं बाबांना म्हणायचं होतं. हवालदाराच्या गावाकडे जनावर म्हणजे गाय-बैल. त्याने विचारलं, कुणाचं जनावर? बाबा चकित झाले. म्हणाले, कुणाचं म्हणजे, रानातलं. हवालदार म्हणाला, म्हणजे मोकाट. आणि लिहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही बघितलं का जनावर? मी म्हटलं, आड काहीतरी आलं असेल. गाडी थांबली म्हणजे काहीतरी आलंच असेल ना. त्या क्षणी मला ते पटलेलं होतं. त्याने वही पुढे केली. त्या बाईला दवाखान्यात न्यायची घाई होती. मी न वाचता सही केली.

त्याच गाडीतून आम्ही तिला नेलं. वाटेत ती दोनदाच बोलली. एकदा म्हणाली, खोका उन्हात ठेवू नका. दुसऱ्यांदा विचारलं, ही परत थांबायची नाही ना?

आठवड्याने मी तिच्या घरी गेले. हाताला प्लास्टर होतं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तिचा सासरा जाळं विणत बसला होता आणि स्कूटर भिंतीला टेकवून वर ताडपत्री घातली होती. मी कशी आहेस म्हणून विचारलं, तर तिने एक कागद आणून माझ्यापुढे धरला. विम्यासाठी मिळालेली प्रत. त्यात लिहिलं होतं, की मोकाट जनावर आडवे आल्याने पुढील चालकाने प्रसंगावधान राखून ब्रेक लावला व मागील दुचाकीचालक महिलेने योग्य अंतर न राखल्याने ती आदळली. खाली माझी सही. मी तो कागद तेव्हा पहिल्यांदा वाचला.

सासऱ्याने जाळ्यातून मान वर न करता सांगितलं, की बायकांनी गाड्या चालवल्या की हे व्हायचंच. हात बरा झाला की तिने पूर्वीसारखं एसटीने जावं, नाहीतर घरी बसावं. स्कूटरची चावी त्याने शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि ती परत द्यायचा त्याचा विचार नव्हता. मी वाद घालायला उभी राहिले. तो शांतपणे म्हणाला, "फुडलो थांबलो म्हणान पाठल्यान ठोकूचा काय? कागदार लिवलला आसा. सही तुझी."

मला बाहेरपर्यंत सोडायला ती आली. तिथे हसत म्हणाली, आणि ते हसू मला अजून सलतं, "बाजारात तूच माका पत्रक दिललंस, बाईन चावी आपल्याकडे ठेवची म्हणान. ठेवललंय. आता ती मामंजींच्या खिशात आसा. दुसरा पत्रक आसा काय?"

नव्हतं. कशाविरुद्ध लिहू तेच कळत नव्हतं. यंत्राविरुद्ध? त्याने बाजारात एका माणसाची पाठ वाचवली होती. कंपनीविरुद्ध? गाडीच्या जाड पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं, की काही प्रसंगी गरज नसताना ब्रेक लागू शकतो, चालकाने सावध राहावं. सावध म्हणजे काय करावं, ते लिहिलेलं नव्हतं. भावाला जहाजावर निरोप पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, की ती सोय बंद करता येते, पण गाडी परत चालू केली की ती आपोआप चालू होते. गॅरेजमधला माणूस म्हणाला, आपले रस्ते अरुंद, वळणावर गडगा समोर आला की गाडीला वाटतं आपण त्यावर जातोय. मग त्याने मलाच विचारलं, पाय ब्रेकवर नव्हता हे नक्की ना? आणि मला ते नक्की सांगता येईना. मी डोळे मिटून तो क्षण पुन्हा पुन्हा आठवायचे. प्रत्येक वेळी पाय वेगळ्या जागी असायचा.

बाबा मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. जनावर शब्दाने घात केला, हे कळल्यापासून त्यांना जेवण जाईना. मी त्यांना चौकीवर घेऊन गेले. हवालदार भला माणूस होता, पण माझं म्हणणं त्याच्या वहीत बसेना. आमचं बोलणं साधारण असं झालं.

"जनावर आलं नव्हतं म्हणता. मग काय आलं होतं?"

"काहीच नाही."

"मग ब्रेक का मारलात?"

"मी मारला नाही. गाडीने मारला असावा."

"गाडी कुणाच्या ताब्यात होती?"

"माझ्या."

तो पेन टेबलावर ठेवून समजावणीच्या सुरात म्हणाला, ताई, मग मला 'चालकाने विनाकारण ब्रेक मारला' असं लिहावं लागेल, दोष तुमच्यावर येईल. आहे ते काय वाईट आहे? बाबांनी मध्येच घसा साफ करून शुद्ध मराठीत सांगितलं, की साहेब, जनावर म्हणजे साप होता, आणि सापसुद्धा नव्हता. हवालदाराने आमच्या दोघांकडे बघितलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. तुम्हीच लिहा म्हणाला.

आयुष्यात मी शेकडो पत्रकं लिहिली. एवढ्या चार ओळींना मला तासभर लागला. लिहिलं ते असं: रस्त्यावर जनावर किंवा दुसरं काही आलं नव्हतं. ब्रेक गाडीने मारला की मी, हे मला खात्रीने सांगता येत नाही. कुणीही मारला असला तरी त्याला कारण नव्हतं आणि मागे कुणी बघितलं नव्हतं. मागच्या बाईला आम्ही थांबू हे कळण्याचा मार्ग नव्हता. या वेळी मी वाचून सही केली.

त्या कागदाची प्रत घेऊन मी बाबांसोबत पुन्हा तिच्या घरी गेले, जिंकल्यासारखी. सासऱ्याने ती दोनदा वाचली. मग विचारलं, "गाडी आपसूक थांबता? मगे उद्या आपसूक बाजारात जातली आणि बांगडे घेवन येतली." मी म्हटलं, चला, दाखवते. त्याला पुढे बसवलं, तिला आणि बाबांना मागे, आणि त्या वळणावर गेले. गाडी थांबली नाही. परत फिरून पुन्हा गेले. वेग तोच, वळण तेच, गडगा तोच. गाडी गुळगुळीत निघून गेली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी मनातल्या मनात तिची विनवणी करत होते, थांब बाई एकदा. ती थांबली नाही. म्हातारा खिडकीतून बाहेर बघत होता. एवढंच म्हणाला, की रस्ता बरा केलाय हल्ली.

परतताना मागच्या सीटवरून ती बोलायला लागली. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेईल. तिने आधी स्वतःचीच चूक सांगितली. "मी जवळ होतंय, बाय. खोटा कशाक सांगू? हयसर सगळीच जवळ चालवतत. पण मी तुझ्या गाडयेक नाय, फुडचो रस्तो बघत होतंय. रस्त्यार काय नाय, मगे तू थांबशीत असा माका कसा कळतला?"

मी गाडी बाजूला घेतली. तिने जे सांगितलं ते बाबांना लगेच कळलं, मला थोडं उशिरा. आमच्या रस्त्यांवर पुढच्याने थांबावं की नाही ते मागच्यालाही दिसत असतं. म्हैस दोघांना दिसते, वळणावरची एसटी दोघांना ऐकू येते. त्या भरवशावर सगळे जवळ चालवतात. तसं चालवू नये, हे मलाही मान्य आहे. पण माझी गाडी त्या दिवशी अशा कशाला तरी बघून थांबली, जे तिला एकटीलाच दिसलं होतं, आणि हे मागच्या बाईला कुणीही कळवलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, आणखी एक जबाब लिहून देते, हे सगळं नीट मांडून. ती वैतागली. "माका कागद नको. कागद खिशात ऱ्हवता. गाडयेच्या पाठी लिव. पाठसून येतली तिका वाचूक मेळांदे."

दुसऱ्या दिवशी मी मालवणच्या एका पेंटरकडे गेले. रिक्षांच्या पाठीवर नावं रंगवणारा तो, त्याला वाटलं देवाचं नाव हवंय. मजकूर सांगितला तेव्हा त्याने दोनदा विचारलं, नक्की? मागच्या काचेच्या खाली, पांढऱ्यावर लाल, रिक्षावरच्या अक्षरांएवढ्या मोठ्या अक्षरांत त्याने लिहिलं: ही गाडी समोर काही नसताना स्वतः ब्रेक मारते. लांब राहा. फोटो बघून भावाचा निरोप आला, "गाडी माका उद्या विकूची आसा. तिचा पत्रक कित्या केलंस?"

बाजारात लोक हसले. एकाने विचारलं, तुजी गाडी दारू पिता काय? मी गाडी मुद्दाम तिच्या घरासमोर लावली. म्हातारा जाळं ठेवून उठला, काचेजवळ आला आणि एकेक शब्द बोटाने दाखवत वाचला. मग मला विचारलं, "म्हणजे गाडी येडी, असा तूच लिवलंस? सगळ्या मालवणाक दाखवतंस?"

मी म्हटलं, व्हय.

तो पुन्हा जाळ्याकडे जाऊन बसला. चौकीवरच्या कागदावर त्याचा विश्वास बसला नव्हता, कारण कागद कुणाला दिसत नाही आणि त्यावर कुणीही काहीही लिहितं. पण आपल्या घरचीच नवीकोरी गाडी भर बाजारात येडी म्हणून फिरवणारं माणूस उगीच तसं करणार नाही, असा त्याने हिशेब केला असावा. हे माझं अनुमान. माफी कुणी मागितली नाही, चूक कबूल केली नाही. प्लास्टर काढलं त्या आठवड्यात तिने मला सांगितलं, की चावी दारामागच्या खिळ्यावर परत आली आहे, आणि तिने ती कुणाला न विचारता घेतली. मनगट अजून थंडीत दुखतं. स्कूटर ती आता माझ्या गाडीपासून खूप लांब ठेवते आणि त्या अंतरातून हात हलवते.

ब्रेक कुणी मारला, मला अजून माहीत नाही. गाडीची ती सोय मी बंद केलेली नाही, कारण तो उलटा चालणारा पर्यटक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चालू ठेवते तेव्हा प्रत्येक वळणावर माझा जीव आरशात असतो. यंत्र चांगलं की वाईट, याचं पत्रक मला लिहिता येत नाही. एवढं मात्र मागता येतं.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आजच तिच्या पाठीवर ते मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून घ्या, लांबून वाचता येईल असं. लाज वाटली तरी घ्या. आणि कधी ती विनाकारण थांबली आणि मागून कुणी आदळलं, तर खाली उतरल्यावर सगळ्यांदेखत पहिलं वाक्य हे बोला: समोर काही नव्हतं.